पुढच्या सीटवर कोण होतं

ठाण्याच्या हॉस्पिटलात एक मॅडम आहेत, त्या माझ्याकडून बोटांचे आणि डोक्याचे व्यायाम करून घेतात. त्या म्हणाल्या, काका, रोज एक पान लिहा. मी म्हटलं, मॅडम, मी सातवी पास. आयुष्यभर फक्त मापं लिहिली, तीन बाय चार, चार बाय साडेचार. पान कशाने भरू? त्या म्हणाल्या, आठवतं ते लिहा, आठवत नाही ते पण लिहा. दुसरंच जास्त निघालं.

म्हणून हे लिहिलंय. माझी मुलगी वैशाली हे नीट अक्षरात उतरवून काढते. तिला सांगितलंय, तुझ्याबद्दल वाईट असेल तरी खोडायचं नाही. डोक्याला मार लागलेलं माणूस आत आणि आपण बाहेर बाकड्यावर, असे जे कोणी बसले असतील त्यांच्यासाठी हे आहे. आतून कसं दिसतं ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यांना तरी कुठून माहीत असणार.

मध्येच मागचं पुढे होईल. माझ्या डोक्यात तसंच आहे.

गाळा आणि जीप

डोंबिवलीला एमआयडीसीत माझा गाळा आहे. ग्रील, गेट, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेड. डोंबिवलीत कुठल्याही गल्लीत वर मान करून बघा, दोनचार खिडक्या माझ्या निघतील. ग्रीलवाल्याला गिऱ्हाईक एकच विचारतं, पाईप जाड आहे ना? जाड असला की निर्धास्त झोपतात. मीही तसाच. जाड म्हणजे मजबूत, आणि मजबूत म्हणजे आतलं माणूस सुखरूप. सगळी उमर हेच डोक्यात.

महेश माझा मुलगा. ठाण्याला एका कचेरीत कारकून. स्वभावाने गरीब. लहानपणी क्रिकेट खेळायला गेला तर पोरं याला गटाराकडे बॉल आणायला उभा करायची. चाळिशी ओलांडल्यावर त्याने एक जुनी जीप घेतली. डोंगरात, ओढ्यात, चिखलात घालतात तसली. त्यांचा एक क्लब आहे. रविवार उजाडला की पुलाखाली जमायचे. सगळ्यांचे टीशर्ट सारखे, गाड्यांवर कवटीचे स्टिकर, आणि पाण्यात बुडाली तरी इंजिनाला हवा मिळावी म्हणून बाजूने वर काढलेली नळी. आमच्याकडे पाणी तुंबतं तेव्हा मात्र एकही गाडी बाहेर काढत नाहीत. मी बघितलीत ती माणसं. कोणी कारकून, कोणी औषधांच्या कंपनीचा फिरतीवाला, एक दातांचा डॉक्टर. आठवडाभर कोणाची ना कोणाची बोलणी खायची, आणि रविवारी त्या जीपमध्ये चढलं की छाती पुढे. आमचा महेश रिक्षावाल्याकडे सुट्टे मागताना अडखळतो. जीपमध्ये बसला की पुढच्या लहान गाडीला हॉर्न मारून मारून बाजूला काढायचा. मी शेजारी बसून बघितलंय. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलेलं. उंच बसलं की सगळे आपल्याखाली.

मग त्याने ती अजून उंच करून घेतली. टायर जाड घातले. टेबलाचे पाय वाढवले की टेबल डुगडुगतं, हे मला कळत नव्हतं काय? कळत होतं. पण बोललो नाही. कारण त्याच आठवड्यात तो गाळ्यावर आला आणि म्हणाला, बाबा, मागे एक बाक बनवून द्याल का, बाहेरच्याकडे नको, तुमच्यासारखं काम कोणाचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा पोराने माझ्या कामाकडे बघितलेलं. त्याच्यापुढे टेबलाच्या पायांचं कोण काढतो.

गाडीच्या मागच्या भागात एका बाजूला त्याचं क्लबचं सामान. दुसऱ्या बाजूला मी बाक बसवला. आडवा, म्हणजे बसणाऱ्याची पाठ गाडीच्या कडेला आणि तोंड समोरच्या कडेला. दीड इंची चौकोनी पाईप, खालून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धरून. वेल्डिंग मारून झाल्यावर मी त्याच्यावर उभा राहून उड्या मारल्या. हलला नाही. पट्ट्याचा विचार डोक्यात आलाच नाही. बाकाला पट्टा कुठे असतो? मी देवळात बाक बनवलेत, शाळेत बनवलेत, स्मशानातले पण माझेच आहेत.

रसवंतीपर्यंत

माझ्या मेव्हणीची मुरबाडच्या पुढे नव्या घराची वास्तुशांत होती. मी, माझी बायको सुमन आणि महेश असे तिघेच गेलो. सुनेची ड्यूटी होती.

जाताना सुमन पुढे बसली, कारण तिला गाडी लागते. मी मागे बाकावर, कारण मला माझा बाक बसून बघायचा होता. हे नक्की आठवतं. तिच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा होता. मी मागून म्हटलं, वास्तुशांत बहिणीची आहे की हिची, एवढं नटायला? ती मागे वळली पण नाही. म्हणाली, "तुम्ही रस्ता बघा."

येताना रस प्यायला थांबलो. आलं जास्त पडलेलं. तिने अर्धा ग्लास पिऊन उरलेला माझ्यासमोर धरला. तिथपर्यंत सगळं आहे. पुढे पाटी कोरी.

कोरी म्हणजे एक चित्र सोडून. त्या चित्रात मी मागे बसलोय. गाडी कच्च्या रस्त्याला उतरलीय, धूळ येतेय. पुढे सुमनचा अंबाडा, अबोली, आणि खिडकीच्या कडेवर ठेवलेला तिचा हात, हिरव्या बांगड्या. इतकं स्वच्छ दिसतं की बांगड्या मोजता येतील.

पुढे जे लिहिणार आहे ते सगळं या चित्रापायी.

रोजची परीक्षा

हॉस्पिटलात जागा झालो तेव्हा मला वाटलं मी गाळ्यावर आहे. मशीनचा आवाज येत होता तो मला कॉम्प्रेसर वाटला. मी म्हणे ओरडत होतो की बंद करा, गिऱ्हाईक आलंय. नळ्या ओढल्या म्हणून हात पलंगाला बांधले. डोक्यात रक्त साकळलं होतं. चार बरगड्या आणि डाव्या खांद्याचं हाड गेलं होतं. ऑपरेशन लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, थांबून बघू. आम्ही पण गंजलेल्या गेटाला तेच म्हणतो.

रोज सकाळी माझी परीक्षा. नाव काय, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, पंतप्रधान कोण. नाव बरोबर यायचं. वार मी रोज गुरुवारच सांगायचो, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी आणि मी तर झोपलेला. कुठे आहोत विचारलं की म्हणायचो, तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला माहीत नाही, मग मला कशाला दाखल केलंत? सगळे हसायचे. हसले की मला वाटायचं पास झालो.

तिथे एक सिस्टर होत्या, फिलोमिना सिस्टर. वसईकडच्या, किनाऱ्यावरच्या. मराठी आपल्यापेक्षा वेगळ्या चालीवर बोलायच्या. मी त्यांना काय काय बोललो ते मला आठवत नाही. आठवत नाही हे बरंच आहे. वैशालीने नंतर थोडं सांगितलं आणि मी डिस्चार्जच्या दिवशी त्यांच्यासमोर हात जोडले. बाहेर बसलेल्यांना सांगतो, पेशंट शिव्या देतो तेव्हा मनाला लावून घेऊ नका. मी शिव्या दिल्या ते आठवत नाही, पण सिस्टरने पाय पुसताना पाणी कोमट आहे का ते आधी स्वतःच्या मनगटावर बघितलं, ते आठवतं. कसं काय ते मला सांगता येत नाही.

सुमन घरी आहे

हे लिहायला तीन दिवस लागले.

सुमन जागच्या जागी गेली होती. वैशालीने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी रडलो, आणि झोपून उठलो तर विसरलो. विचारलं, आई कुठाय? तिने परत सांगितलं. मी परत पहिल्यासारखाच रडलो. असं तीनदा झालं म्हणे. चौथ्या वेळी वैशाली बाहेर जाऊन सिस्टरना म्हणाली, "मी रोज आईला मारू शकत नाही." त्यानंतर मी विचारलं की सांगायचे, आई घरी आहे.

मग मी सुमनवर चिडायला लागलो. घरी आहे तर येत का नाही? नवरा इथे पडलाय आणि बाईला वेळ नाही. मोठ्याने बोलायचो. शेजारच्या पलंगावरच्या माणसाची बायको रोज डबा घेऊन यायची, तिला दाखवून म्हणायचो, ही बघा, याला म्हणतात बायको. वैशाली तिथेच उभी असायची. तिच्या आईचे दिवस चालू होते, आणि तिचा बाप तिच्या आईची बदनामी करत होता. मी आता हे लिहितो आणि ती आता हे उतरवून काढते. काढ गं.

मला कळलं ते वेगळ्याच तऱ्हेने. एक दिवस महेश वॉर्डाच्या दारात आला. हात गळ्यात बांधलेला, डोक्याला टोपी. आत यावं की नको असा उभा. घाम पुसायला त्याने टोपी काढली तर डोक्यावर एक केस नाही. गोटा. मी त्याच्याकडे बघत राहिलो. पोरगा डोक्यावरचे केस कधी उतरवतो ते मला कोणी शिकवायला नको होतं. आणि मी तर इथे जिवंत होतो.

त्या वेळी मी रडलो नाही. आणि नंतर विसरलो पण नाही. दहावा झालेला, तेरावा झालेला. मी तिला पाणी सुद्धा सोडलं नाही.

वैशालीने महेशला हाताला धरून बाहेर नेलं. बाहेर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर तो आला नाही.

सिस्टरने दाखवलेला पट्टा

छातीवर माझ्या एक मोठा पट्टा उठला होता. डाव्या खांद्यापासून खाली उजव्या कमरेपर्यंत. आधी निळा, मग हिरवा, मग पिवळा. सिस्टर रोज मलम लावायच्या आणि म्हणायच्या, आजोबा, आज अजून जरा उतरला हां. एकदा मी त्यांना काहीतरी वाकडं बोललो तर म्हणाल्या, "हा पट्टा होता म्हणून आज मला बोलताय. नायतर कोण बोललं असतं?" मी म्हटलं, खरं आहे. तेव्हा तेवढंच.

पुढे वैशालीने मला तिच्याकडे वर्तकनगरला नेलं. एक दिवस आंघोळीनंतर आरशात पिवळा पट्टा दिसला. आरशात डावं उजवं होतं म्हणून आधी मी गोंधळलो. मग बोट लावून बघितलं. डावा खांदा. म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटचा पट्टा. म्हणजे पुढे मी होतो.

मी म्हटलं, असं कसं? मी तर मागे होतो. मला सुमनचा अंबाडा दिसत होता. मग मागचा पट्टा असेल. मग आठवलं, मागे पट्टा नाही. मागचा बाक मीच बनवलाय, त्याला मीच पट्टा लावला नाही. मग हा आला कुठून?

वैशालीला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, पोलिसांच्या कागदात तुम्ही पुढे आणि आई मागे असंच आहे, बाबा, आता ते उगाळू नका.

म्हणजे रसवंतीवर आम्ही जागा बदलल्या. कोणी बदलल्या?

मी मला ओळखतो. घरात पहिला चहा माझा, पहिलं गरम पाणी माझं, पंख्याखालची जागा माझी. कुठल्याही गाडीत पुढची सीट माझीच असायची, तो आमच्याकडचा रिवाज, वडीलमाणूस पुढे. जाताना मी मागे बसलो ते बाकाच्या कौतुकापायी. येताना कौतुक संपलं असणार. आणि मी म्हटलं असणार, सुमे, ऊठ, मागे बस. अगदी माझ्याच आवाजात मला ते ऐकू यायचं. पण ते आठवतंय की मी बनवतोय, ते कळेना. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, मार लागल्यावर मेंदू मोकळी जागा स्वतःहून भरतो, काका. मी म्हटलं, मॅडम, मग मी विश्वास कोणावर ठेवू?

अजून एक. मला वास येत नाही. डोक्याच्या मारात नाक गेलं. डॉक्टर म्हणाले येईल किंवा नाही येणार. वैशालीने तिच्या आईची एक साडी न धुता ठेवलीय, ती मला हुंगायला दिली. मी नाकाशी धरून बसलो. कापड होतं. ती बघत होती म्हणून मी म्हटलं, येतो गं, येतो वास. अबोलीला वास नसतो. म्हणून असेल, तेवढी अबोलीच मला पुरी आठवते.

मला महेश हवा होता. रसवंतीवर काय झालं हे दोनच माणसांना माहीत होतं आणि एक गेलेलं. वैशालीला म्हटलं त्याला बोलाव. ती म्हणाली, माझ्या घरात नाही. तिचा नवरा तिला समजवायला गेला तर त्याच्याशी पण अबोला. माझा फोन पण तिनेच ठेवून घेतलेला, डोक्याला त्रास नको म्हणून.

गाळ्यावर

एका सकाळी वैशाली कामाला गेल्यावर मी निघालो. महेशच्या घरी जायचं होतं. बस पकडली. डोंबिवली आली असं कंडक्टर म्हणाला, मी उतरलो आणि मला पटेना. एमआयडीसीचा तो वास नाही. आंबट, डोळ्यात जाणारा, जो सगळी उमर नको नको म्हटला तो. वास नाही म्हणजे डोंबिवली नाही. मी एका बाईला विचारलं, हे कुठलं गाव? ती घाबरून बाजूला झाली.

मग मी ओळखायचा नाद सोडला आणि पाय नेतील तिकडे गेलो. पायांनी मला महेशच्या घरी नेलं नाही, गाळ्यावर नेलं. चावी खिशात होती. शटर एका हाताने वर होईना. शेजारच्या गाळ्यातला लेथवाला जोशी धावत आला, त्याने उचललं, आणि मला स्टुलावर बसवून महेशला फोन लावला.

आत ताडपत्रीखाली जीप होती.

पोलिसांनी सोडल्यावर महेशने ती इथे ओढून आणून ठेवलेली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ताडपत्री काढली. पुढची काच नाही. वरचं कापडी छप्पर नाही. एका बाजूने पत्रा चेपलेला, पण फार नाही. जाड पत्रा. मी मागे गेलो आणि हात लावला. माझा बाक जागच्या जागी. एका वेल्डला सुद्धा तडा नाही. मी बोटाने एकेक सांधा तपासला, सवयीने. आणि मला, देवाशपथ सांगतो, आधी बरं वाटलं. काम चांगलं झालं म्हणून. त्यानंतर काय वाटलं ते लिहिता येत नाही.

बाकाने गाडी सोडली नव्हती. सुमनला धरायला बाकावर काही नव्हतं.

महेश आला तो पळतच. केस थोडे आलेले, हाताचं प्लास्टर निघालेलं. माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला. मी म्हटलं, बस. तो बसला नाही. मी विचारलं, गाडी उलटली कशी? त्याने सांगितलं. क्लबवाल्यांनी दाखवलेला शेतातला आतला रस्ता, मुख्य रस्त्याची गर्दी चुकवायला. तिथे एका बांधावर एक चाक दगडावर चढलं आणि गाडी कलली. वेग काहीच नव्हता. माणूस चालेल तेवढा. तो म्हणाला, बाबा, याच्यापेक्षा वाईट जागेतून मी दहादा काढलीय, मला वाटलं बसेल खाली. बसली नाही. खाली ओढ्यापर्यंत दोन पलट्या.

मग मी विचारलं, रसवंतीवर काय झालं?

मी म्हटलं, मी तिला उठवली ना? खरं बोल. बापाला सांभाळू नको.

महेश म्हणाला, "तुम्ही नाही उठवलं. तुम्ही पाठ धरून उभे होता. आई म्हणाली, मागे धक्के बसतात, यांना बसू दे पुढे."

मी विचारलं, "आणि मी काय बोललो?"

"काही नाही. तुम्ही बसलात."

जोशीची लेथ पलीकडे चालू होती. मी तिचा आवाज ऐकत राहिलो. एवढंच होतं. ऊठ म्हणालो नाही. नको म्हणालो नाही. बसलो.

थोड्या वेळाने महेश म्हणाला, तुम्ही बेल्ट कुठे लावता, बाबा. तुम्ही तो बाजूला ढकललात. आईने रसाचा ग्लास परत दिला, तुमच्या अंगावरून वाकून बेल्ट ओढला, लावला, आणि मग मागे जाऊन चढली.

मी शर्टाच्या वरून छातीला हात लावला. पट्टा एव्हाना पुरता उतरला होता. तिथे काही नव्हतं.

तेवढ्यात महेशचा फोन वाजला. त्याने कापला, परत वाजला. मी विचारलं कोण. क्लबातलाच एकजण. गाडी आहे तशी विकत घेऊन दुरुस्त करायला तयार होता. त्याला म्हणे बाक फार आवडला होता, एवढं होऊन हलला नाही म्हणून. पोरांना मागे बसवायला बरा.

मी म्हटलं, गाडीचं काय करायचं ते तू बघ, तुझी आहे. बाक माझा आहे. ग्राइंडर काढ, कापायचा आहे.

माझ्या डाव्या हातात जोर नाही, म्हणून मशीन महेशने धरली. आयुष्यात त्याने कधी धरली नव्हती. मी त्याला आधी चष्मा घालायला लावला. म्हटलं, वेल्डवर मारू नको, तिथे नाही कापणार, पाईपवर मार. सावकाश. ठिणग्या त्याच्या चपलांवर पडत होत्या. लोखंड तापल्याचा वास येत असणार. अर्ध्यावर त्याने मशीन बंद केली आणि तिथेच खाली बसला, तोंडावर हात घेऊन. मी त्याला हात लावला नाही. मला ते जमत नाही. म्हटलं, अजून दोन पाय राहिलेत. तो उठला.

वैशाली रिक्षातून आली तेव्हा शेवटचा पाय चालू होता. घरी पोचल्यावर मी घरात नाही हे बघून तिला काय काय वाटलं असेल, मी इथे आहे ते तिला जोशीच्या फोनवरून कळलं. ती मला बोलली, भरपूर बोलली, सगळ्या गल्लीने ऐकलं. भावाकडे बघितलं सुद्धा नाही. तुकडे बाहेर ओढायचे होते, महेशला एकट्याला जड जात होते. वैशालीने पर्स जोशीच्या स्टुलावर ठेवली आणि दुसरं टोक धरलं. मग पर्समधली पाण्याची बाटली काढून स्वतः प्यायली आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या बाजूला धरली.

अजून ती त्याच्याशी बोलत नाही. पण परवा विचारत होती, त्याचा हात आता पुरता वर जातो का.

आता

गाडीत मागे बसलेल्यांना सांगतो, कोणी हसलं तरी पट्टा शोधा. नसेल तर त्या गाडीत बसू नका, मग ती कितीही जाड पत्र्याची असो आणि मुलाची असो. हे मी सांगतोय, ज्याने सगळी उमर जाड पाईप विकला. आणि ज्यांचं माणूस माझ्यासारखं डोक्याला मार लागून आत असेल, त्यांनी त्याला खरं सांगावं की नाही ते मला ठरवता येत नाही. वैशालीने दोन्ही केलं. दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं.

नाक अजून आलं नाही. वार आता बरोबर सांगतो, बहुतेक वेळा. महेश रविवारी मला घ्यायला वर्तकनगरला येतो, खाली रस्त्यावर थांबतो, वर येत नाही. आम्ही बसने गाळ्यावर जातो. त्याला ग्रीलची पट्टी सरळ कापता येत नाही अजून.

मॅडमना मी सगळं सांगितलं. म्हटलं, आता खरं काय ते कळलं, मग ते चित्र जाईल ना? त्या म्हणाल्या, जाईल असं नाही काका, काही चित्रं तशीच राहतात. कळलेलं वेगळं आणि दिसणारं वेगळं.

तसंच आहे. मला माहीत आहे ती मागे होती, माझ्या बाकावर, काही न धरता. पण डोळे मिटले की मी मागे असतो आणि सुमन पुढे. अंबाडा, अबोली, खिडकीच्या कडेवर हात. गाडी लागू नये म्हणून तोंड वाऱ्याला केलेलं.

खोटं आहे ते. बसू दे.